डबा रिकामा पाठवत नाहीत

मी एक स्टीलचा डबा बोलतोय. वाचा, पण जरा लांबून वाचा. माझ्या झाकणाच्या आत रबराची रिंग आहे. तेच माझं नाक. त्या नाकात व्हॅनिला, खाण्याचा सोडा आणि शिळं कोनफळ यांचा मिळून एक वास बसलाय. लिंबानं घासून झालं, चिंचेनं घासून झालं, दिवसच्या दिवस उन्हात ठेवून झालं. जात नाही. नुसती आठवण निघाली तरी मला मळमळतं.

मी जन्मापासून असा किरकिऱ्या नव्हतो. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी माझ्या लहानमोठ्या भावंडांबरोबर एकात एक बसून होतो. एक दिवस संताजीराव नावाचे उंच, मिशीवाले गृहस्थ आले. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर बसायचे, हे स्वतः सायकलवरून कारखान्यात जायचे. त्यांना जेवणाचा डबा हवा होता. दुकानदारानं घर्र घर्र करणाऱ्या सुईनं माझ्या पोटावर त्यांचं नाव कोरलं आणि म्हणाला, नाव घातलेला डबा हरवत नाही. हरवलो असतो तर बरं झालं असतं, असं पुढे मला कितीदा तरी वाटलं.

संताजीरावांच्या हाताखालची वर्षं सुखाची गेली. घरून जे येईल ते माणूस खायचा. सारू-भात असो की पोळी, शेवटचं शीत बोटानं पुसून घ्यायचा आणि नळाखाली स्वतः मला विसळायचा. मला वाटायचं, सगळी माणसं अशीच जेवतात. किती भोळा होतो मी!

ते निवृत्त झाले तसा मीही झालो. त्यांच्या पत्नीनं, इंदिराबाईंनी, मला वरच्या फळीवर टाकलं. तिथे एका झुरळानं माझ्यात संसार थाटला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. पण पुढे माणसांनी माझ्यात जे जे भरलं ते पाहता झुरळ स्वच्छ होतं म्हणायचं.

इंदिराबाईंचं घर कुवेंपुनगरात. घरात माणसं चार, पण मराठी बोलायला एकही नाही. संताजीरावांना आता ऐकू येत नाही. ते टीव्हीवर कन्नड बातम्या मोठ्यानं लावून बसतात. मुलगा विश्वजीत कन्नडमध्येच बोलतो. सून विद्याश्री बँकेत आहे, स्वभावानं चांगली, पण तिचं मराठी ‘जेवलात का’च्या पुढे जात नाही. इंदिराबाई मराठीत सुरुवात करायच्या, समोरून उत्तर कन्नडमध्ये यायचं, आणि वाक्य संपेपर्यंत त्याही कन्नडमध्ये गेलेल्या असायच्या. आईकडून आलेली भाषा तोंडातल्या तोंडात वाळत चालली होती.

अशात शेजारच्या घरात चैत्राली आणि तिचा नवरा कुशल राहायला आले. नाशिकची माणसं. पहिल्याच सकाळी चैत्राली मागच्या अंगणात फोनवर कुणावर तरी खास मराठीत ओरडत होती. कपडे वाळत घालणाऱ्या इंदिराबाई जागच्या जागी थांबल्या. हातातली साडी खाली लोळली. त्याच दिवशी त्यांनी मला फळीवरून उतरवलं, घासलं, माझ्यात गरमागरम बिसिबेळे भात भरला आणि कंपौंडच्या भिंतीवरून पलीकडे दिला.

“सुम्नेच, असंच दिलंय ग. नव्या घरात पहिल्या दिवशी कुठं चूल पेटवणार?”

चैत्रालीनं तो भात खरंच खाल्ला. एवढं एकदा मी पाहिलं, ते मनाशी धरून ठेवलंय.

मग आली ती रीत, जिच्यापायी मी आयुष्यातून उठलो. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत. कुणी ठरवलं, देव जाणे! चैत्रालीनं माझ्यात शेंगदाण्याची चटणी भरून मला परत धाडलं. आता इंदिराबाईंवर चटणीचं ऋण. त्यांनी कारल्याचं गोज्जु भरलं. गोज्जु म्हणजे कारलं, चिंच, गूळ आणि मीठ यांची घट्ट आमटी. इकडे लोक ती जीव टाकून खातात. चैत्रालीनं एक घास घेतला, डोळे मिटले, मागच्या दारी गेली आणि सगळं गोज्जु भिंतीवरच्या, इंदिराबाईंच्या जास्वंदीच्या कुंडीत ओतलं.

“काकू, काय चव होती हो! बोटं चाटत बसलो आम्ही.”

आणि इंदिराबाईंचा चेहरा असा उजळला की त्यानंतर दर आठवड्याला गोज्जु येऊ लागलं. दर आठवड्याला ते कुंडीत जाऊ लागलं.

बरं, इंदिराबाई तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या होत्या? चैत्रालीला बेकिंगचं वेड. तिनं स्वतः साखर सोडलेली, त्यामुळे करायचं ते दुसऱ्यांसाठी. गव्हाचा केक, नाचणीचा मफिन, गाजराचा कसला तरी पाव. कुशल फोनवरून डोळे न काढता ‘मस्त’ म्हणायचा आणि आपला वाटा ऑफिसला नेतो सांगून बॅगेत टाकायचा. उरलेलं माझ्यात. इंदिराबाई ते उघडून वास घ्यायच्या, सुस्कारा सोडायच्या आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत पालथं करायच्या. मग भिंतीशी जाऊन, “अय्यो, किती मऊ झालतं ग! मत्ते, परत कधी करणार?”

किळस यायची हो मला! अन्नाची नव्हे, तोंडांची. इकडे एक बादली, तिकडे एक कुंडी, आणि मध्ये मी, दोन्हीकडची खोटी स्तुती वाहणारा हमाल. मला वाचा असती तर भिंतीवर उभा राहून दोघींची नावं घेऊन ओरडलो असतो.

पण एक गोष्ट मला दिसत होती, तीही सांगायला हवी. मला द्यायला-घ्यायला म्हणून त्या दोघी भिंतीशी यायच्या, आणि मग तासभर बोलायच्या. इंदिराबाई आपल्या आजोळच्या लग्नांच्या गोष्टी सांगायच्या, अडलेला शब्द कन्नडमधून मागायच्या, चैत्राली तो मराठीत पुरवायची. “हां, तेच! विसरलेच होते बघ,” असं म्हणताना त्यांचा आवाज पोरीसारखा व्हायचा. इंदिराबाई माझ्यात पदार्थ भरत नव्हत्या, बोलायला माणूस मागत होत्या. खरं बोललं तर ते माणूस तुटेल, ही त्यांची भीती. म्हणून मी गप्प बसून किळस गिळत राहिलो. तशी दुसरी सोयही नव्हती.

संक्रांतीच्या सुमाराला विश्वजीत टी. नरसीपूरला संगमावर जाऊन आला आणि येताना तिथल्या बाजारातून एक भलंमोठं कोनफळ घेऊन आला. बाहेरून झाडाच्या बुंध्यासारखं ओबडधोबड, आत जांभळंगर्द. इंदिराबाईंनी त्याचे तुकडे माझ्यात भरले. ते काय चिकट असतं म्हणून सांगू! सर्दी झालेल्या नाकासारखं बुळबुळीत. माझ्या चारी बाजूंना तो चीक लागला आणि वाळून बसला.

चैत्रालीनं झाकण उघडलं आणि ती टाळ्या वाजवायला लागली. तिनं कुठल्याशा व्हिडिओत जांभळ्या कंदाचे स्कोन पाहिले होते. स्कोन म्हणजे धड बिस्किट नाही, धड पाव नाही, भाजलेला त्रिकोणी गोळा. त्यावर साखरेचा गोड थर ओततात. रविवारी मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. इथली जुनी मराठी घरं आणि नोकरीसाठी आलेली नवी, दोन्हीकडच्या बायका येणार होत्या. चैत्रालीला वर्षभरात त्यांच्यात कुणी फारसं ओळखत नव्हतं. सगळ्यांसमोर आपले जांभळे स्कोन मांडायचे, असं तिनं ठरवलं. त्याआधी एक छोटा घाणा करून बघायचा.

त्या दिवशी मी तिच्या ओट्यावर होतो, त्यामुळे सगळं पाहावं लागलं. कोनफळ उकडून तिनं हातानं कुस्करलं. मग हात खाजायला लागले. खाजवत खाजवत तिनं मैदा घेतला, थंड लोणी चुरलं, दूध ओतलं. इथवर तो गोळा सुंदर जांभळा होता, मी खोटं बोलणार नाही. मग बेकिंग पावडर सापडेना. तिनं खाण्याच्या सोड्याची बाटली उचलली आणि सढळ हातानं ओतला. गोळा बिचकला. माझ्या डोळ्यांदेखत जांभळ्याचं निळसर झालं, निळ्याचं राखी. ओव्हनमधून ते बाहेर आले तेव्हा आतून टाकीच्या तळाच्या शेवाळासारखे हिरवे झाले होते.

मग चैत्रालीनं पिठीसाखर, दूध आणि व्हॅनिला कालवलं, त्यात जांभळ्या रंगाचे थेंब टाकले आणि तो चकचकीत थर सगळ्यांवर ओतला. हिरवं झाकलं गेलं.

कुशल आला, त्यानं फोटो काढला. “वरून एकदम भारी दिसतायत,” म्हणाला आणि निघून गेला. खाल्ला नाही.

ते स्कोन गरम असतानाच तिनं माझ्यात भरले. झाकण लागलं, आत वाफ धरली, थर वितळून माझ्या तळाशी चिकट जांभळं डबकं झालं. मी त्या डबक्यात बसलो होतो. मला ओकारी येत होती, पण डब्यानं ओकायचं कुठून?

“काकू, या वेळी खरं सांगायचं हं,” चैत्राली भिंतीवरून म्हणाली. “रविवारी मंडळात न्यायचेत. तिथे फजिती नको.”

ऐकलंत ना? खरं सांगायचं, असं तिनं तोंडानं मागितलं होतं. इंदिराबाईंनी तिच्यासमोर एक तुकडा मोडला. आत हिरवा गाभा होता. त्यांनी तो तोंडात टाकला. साबणाचा तुकडा चघळल्यासारखा चेहरा होता होता त्यांनी तो सावरला.

“अमृत ग! बायका तुझ्या पाया पडतील बघ.”

छी! त्या क्षणी मला माझ्या घराण्याची लाज वाटली.

घरात येताच त्यांनी तो तुकडा बेसिनमध्ये थुंकला आणि मला संताजीरावांच्या हाती दिला. “गाईला घाला जावा,” असं खुणेनं सांगितलं. संताजीराव रस्त्यावरच्या गाईपाशी गेले. तिनं एका स्कोनवरचा गोड थर जिभेनं खरवडून चाटला, खालचं हिरवं हुंगलं आणि तोंड फिरवून शेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे वळली. पुठ्ठा खाल्ला तिनं. संताजीरावांनी तो चाटलेला, ओला, टकला स्कोन पुन्हा माझ्यात टाकला आणि मला घरी आणलं. इंदिराबाईंनी झाकण दाबलं आणि मला मागच्या पायरीवर, भिंतीला लागून ठेवलं. सकाळी ओल्या कचऱ्याची गाडी आली की रिकामा करू, असा त्यांचा बेत.

सकाळी विद्याश्री घाईत स्कूटर काढायला मागच्या दारानं आली. मी पायरीवर. तिनं मला उचलून पाहिलं, जड लागलो. भिंतीशेजारी ठेवलेला भरलेला डबा म्हणजे शेजारी द्यायचा, एवढं त्या घरात कुणालाही कळतं. उघडून कशाला बघायचं? पलीकडे चैत्राली दिसली.

“इदु निम्दे, अक्का. अत्ते कोट्टिद्दारे,” असं म्हणून तिनं मला भिंतीवरून दिलं. हे तुमचंच आहे, सासूबाईंनी दिलंय. बिचारी अगदी खरं बोलली. दोन घरांच्या त्या सगळ्या व्यवहारात माझ्या कानांवर पडलेलं ते पहिलं खरं वाक्य.

चैत्रालीच्या ओव्हनमध्ये तेव्हा मंडळासाठीचा मोठा घाणा लागला होता. इंदिराकाकूंनी काय पाठवलं म्हणून तिनं कौतुकानं झाकण काढलं. आत तिचेच स्कोन. एकही खाल्लेला नाही. एक मोडलेला, आणि एकावर गाईच्या जिभेची रेघ. आदल्या दिवशी संताजीराव गाईपुढे डबा धरून उभे दिसले होते, ते कशासाठी हे तिला आता उमगलं. वासाचा भपकारा तिच्या तोंडावर आला. मग तिनं साखर सोडलेली असूनसुद्धा ओव्हनमधला एक ताजा स्कोन काढला, फुंकर मारली आणि चावा घेतला. आणि सिंकमध्ये थुंकला. कितीतरी वेळ चूळ भरत राहिली.

ते सगळे स्कोन कचऱ्यात गेले. हळदीकुंकवाला ती विकतच्या तिळाच्या वड्या घेऊन गेली आणि लवकर परत आली. फजिती वाचली होती. पण ते तिला समजलं असेल असं वाटत नाही. डोळे लाल होते.

आता मी तिच्या घरी अडकलो. भरून परत द्यावं तर भरायची इच्छा नाही, रिकामा द्यावा तर रीत मोडते. तिनं मला घासलंही नाही धड. सिंकखाली ठेवलं आणि माझ्यात तारेचे चोथे आणि ओला स्पंज टाकला. खरकट्या पाण्याचे थेंब माझ्यावर टपकायचे. ज्याच्या पोटावर घोडदळाच्या वंशजाचं नाव कोरलंय, त्याची ही अवस्था. तिथे एक झुरळ यायचं. मला ओळखल्यासारखं करायचं.

पलीकडून हाक यायची, “चैत्रा, अग चैत्रा!” चैत्राली नळ मोठा सोडायची. काही दिवसांनी हाका थांबल्या. मग एका दुपारी भिंतीपलीकडून वेगळाच आवाज आला. इंदिराबाई कुणाशी तरी मराठीत बोलत होत्या, लग्नातल्या कुठल्याशा मानापमानाची गोष्ट सांगत होत्या. मध्येच अडल्या. “त्याला काय म्हणतात ग…” आणि पुढे काहीच नाही. शब्द पुरवायला कुणी नव्हतं. त्या जास्वंदीच्या वाळक्या झाडाशी बोलत होत्या. इकडे चैत्राली भांडं हातात धरून उभी होती. तिनं नळ बंद केला, पण ती बाहेर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. इंदिराबाई पुढच्या दारानं आल्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदा.

“माझा डबा दे.”

“देते की.” चैत्राली जागची हलली नाही. “पण काय भरून देऊ? माझं केलेलं तर गाईलाही चालत नाही.”

इंदिराबाईंचा चेहरा पडला. त्या दारातच खाली बसल्या. “अय्यो, विद्यानं काय केलं ते मला नंतर कळलं. तोंड दाखवायला लाज वाटत होती ग. खरं सांगू? वाईट होतं. भाळा वाईट होतं. साबण खाल्ल्यासारखं.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं तुम्हाला!”

“कसं सांगू? तू रागावून आली नाहीस तर? आमच्या घरी मी बोलते ते भिंतीला ऐकू जातं, माणसाला नाही. तू आल्यापासून मला माझे शब्द परत मिळत होते. स्वल्प खोटं बोलले त्यासाठी. स्वल्प नाही, खूप बोलले.”

चैत्राली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“काकू, तुमचं गोज्जु…”

“काय गोज्जुचं? तुला तर आवडतं.”

“एकदाही खाल्लं नाही मी. पहिला घास सोडला तर.”

“मग जायचं कुठं ते दर आठवड्याला?”

“कुंडीत.”

“कुठल्या कुंडीत?”

“जास्वंदीच्या.”

इंदिराबाई उठून उभ्या राहिल्या. “म्हणून वाळलं होय ते झाड! मी मेली ताक घालते, हळद घालते, दृष्ट काढते झाडाची! रांडेचे, मीठ आणि चिंच पाजलीस त्याला वर्षभर!”

चैत्रालीला हसू फुटलं. ते आवरेना. इंदिराबाई आणखी दोन शिव्या देऊन हसायला लागल्या. मी सिंकखाली स्पंज पोटात घेऊन ऐकत होतो. खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी मळमळ थांबली.

चैत्रालीनं मला बाहेर काढलं, चोथे फेकले, घासून पुसून कोरडं केलं. मग इकडेतिकडे बघायला लागली. सवयीनं हात साखरेच्या बरणीकडे गेला.

“काही घालू नको,” इंदिराबाई म्हणाल्या. “साकु, पुरे आता.”

“रिकामा कसा देऊ, काकू?”

“रिकामाच दे. मी बोलायला आलेय, वाढायला नाही.”

आणि मी रिकामा घरी गेलो. त्यांच्या काखेत, झाकण सैल, आत नुसती हवा.

आता मी बहुतेक दिवस कंपौंडच्या भिंतीवर असतो. इंदिराबाई मला तिथे ठेवतात, म्हणजे पलीकडे कळतं की त्या आल्यात. चैत्राली येते, माझ्याकडे बघते, आत काही नाही याची खात्री करून घेते आणि मग दोघी बोलत बसतात. जास्वंद मेली; तिच्या जागी कढीपत्ता लावलाय. व्हॅनिलाचा वास मात्र रिंगेतून जात नाही, ऊन तापलं की जास्तच उठतो, आणि जांभळं काहीही दिसलं की मला आजही शिसारी येते.

तुमच्याही घरात शेजारचा एखादा डबा पडला असेल. रिकामा कसा द्यायचा म्हणून अडून राहिला असेल, किंवा काहीतरी भरायचं म्हणून तुम्ही नको ते त्यात कोंबत असाल. माझी हात जोडून विनंती आहे, मला हात नसले तरी. त्याला धुवा, पुसा, आणि तसाच रिकामा घेऊन त्या दारी जा. कुणी विचारलं, आत काय आणलंस, तर झाकण उघडून दाखवा.